पंख्याचा आवाज

वृद्धाश्रमातल्या मार्थाआजी कुणी भेटायला आलं की बोलण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतात. समाजकार्यात श्रद्धेचं स्थान काय, हा माझ्या पीएचडीचा विषय. म्हणून मागच्या भेटीत मी ती प्रार्थनाही मोबाइलवर रेकॉर्ड केली. आमेन झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे पण त्यात गेलं का गं?" मी खुशीत हो म्हटलं.

हल्ली मी स्वतः प्रार्थनेला बसले, तरी डोक्यात आधी प्रबंध येतो, मग देव. उद्या प्राध्यापक होऊन मी हेच शिकवणार.

आज आजींनी चालू मोबाइलकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. ओठ हलत राहिले, आवाज मात्र आला नाही. आता घरी आजचं रेकॉर्डिंग ऐकत बसले आहे. प्रार्थनेच्या जागी त्यात नुसता तिथला पंखा फिरतो आहे.