चैतरामची बकरी आणि तुळसाबाईची बोटं

तुळसाबाईला गावात कोणाचंच कौतुक नव्हतं. राजेगावच्या अलीकडच्या वस्तीतल्या सगळ्यांच्या बकऱ्या ती बाघ नदीच्या काठाला चारायला नेई आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात सोडताना मालकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय पुढे सरकत नसे. "बकरीले अक्कल हाये, तुले नाही," हे तर कोणालाही. लोक ऐकून घेत. बकऱ्यांच्या बाबतीत म्हातारी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

चैतरामवर मात्र तिचा विशेष राग. सदुसष्ट साली तो बालाघाटला तीन दिवसांचं पशुपालन शिबिर करून आला. प्रमाणपत्राला काच बसवून त्यानं ते देवांच्या शेजारी टांगलं आणि तेव्हापासून बकरीशीसुद्धा तो हिंदीत बोलू लागला. त्याची कबरी बकरी गाभण होती. पौषात बालाघाटला जनावरांचा मेळावा भरायचा होता, तिथं तिला मिरवायचं त्यानं ठरवलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी तुळसाबाई त्याच्या अंगणात आली, तर बकरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी. पुढ्यातल्या बोरीच्या पाल्याला तोंड लावलेलं नव्हतं. मधूनच पुढच्या खुरानं माती उकरी, खाली बसे, लगेच उठे, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघे. कास ताणून चकाकत होती. कुशीत खळगे पडले होते. तुळसाबाईनं काठी भिंतीला टेकवली आणि शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडून अंगठा आणि बोट दाबलं. परवापर्यंत तिथं खाटेच्या दोरीसारख्या दोन शिरा लागत होत्या. आज काहीच लागेना, चिमटीत नुसतं मऊ मांस.

"चैतराम, गाडीचे बैल सोड. दुपार टळायच्या आत जनते हे."

चैतराम नव्या धोतराचा सोगा सावरत बाहेर आला. "काकी, पुस्तकात दीडशे दिवस लिवले हायेत. मी हिशेब केला. अजून नऊ दिवस हायेत."

"पुस्तक तिनं वाचलं काय?"

"तू काहून मधात बोलून राह्यली? तुले राखाले ठेवलं, डाक्टरकी कराले नाही."

तुळसाबाईनं भिंतीची काठी उचलली. सतरा वर्षांची, पोटुशी असताना तिच्याही सासूनं बोटांवर दिवस मोजून "अजून नऊ दिवस हायेत" म्हणत तिला भाताच्या रोवण्याला पाठवलं होतं. कंबर मोडून येते म्हटलं, तर सासू म्हणाली होती, कामचुकार हाये. शेताच्या धुऱ्यावरच, बांधावरच, झालं सगळं. पोरगी रडलीच नाही. पुढे मूल झालं नाही, नवराही गेला, पण बोटांवर दिवस मोजणाऱ्या माणसाची तिला येणारी किळस काही गेली नाही.

चैतरामनं कबरीला गाडीत चढवलंच, तशी तिनं वस्तीतल्या बकऱ्या शेजारच्या दुर्गाबाईच्या हवाली केल्या आणि बैलगाडीच्या मागं चालू लागली.

"कुठं येऊन राह्यली?" चैतरामनं विचारलं.

"तुह्यी फजिती पाहाले," ती म्हणाली.

कोसभरही झालं नसेल. बकरीच्या मागून चिकट दोरा लोंबायला लागला आणि ती अशी ओरडली की बैल बिचकले. चैतरामनं मागं वळून पाहिलं आणि कासरा ओढला. तुळसाबाईनं गाडी मोहाच्या झाडाखाली घ्यायला लावली, बकरीला भाताच्या तणसावर उतरवलं. पहिलं पिल्लू सरळ आलं, दोन खुरं आणि त्यांवर टेकलेलं नाक. दुसऱ्याची मात्र खुरंच दिसली. बकरी जोर करकरून थकली, तरी पुढे काही सरकेना.

"डोकं मागं वळलं हाये," तुळसाबाई म्हणाली. "पाणी दे. तेल हाये का गाडीत?"

चैतरामनं वंगणाचा नळा पुढं केला.

"हे चाकाचं हाये, गाढवा! तुह्या टकुऱ्यावरचं खोबरेल कुठं हाये?"

मेळाव्यासाठी खिशात ठेवलेली बाटली त्यानं निमूट काढून दिली. तिनं हात कोपरापर्यंत धुतला, तेल चोळलं, डोळे मिटले. कळ ओसरली की पिल्लाला आत ढकलायचं, बोटांनी जबडा शोधायचा, मान हळूच पुढं आणायची. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा पिल्लू सळकन बाहेर आलं, पण लुळं. तिनं नाकातोंडातली घाण काढली, चैतरामच्या खांद्यावरचा नवा पंचा ओढून घेतला आणि त्याच पंच्यानं पिल्लाला घसाघसा चोळलं. "रड ना बाई, रड," असं काहीतरी ती पुटपुटत होती. शेवटी पिल्लू शिंकलं आणि बारीक ओरडलं. मादी होती, पाठ. तुळसाबाईनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली.

संध्याकाळी पारावर चैतराम सांगत होता, "लक्षणं दिसली, तशी मी गाडी थांबवली. ट्रेनिंगचा फायदा."

बकऱ्या सोडत आलेली तुळसाबाई तिथंच थबकली. "हौ? मंग सांग सगळ्याइले. शेपटीच्या बुडाले काय पाहाचं असते?"

चैतराम धोतराचा सोगा सावरू लागला. पारावरचा पुनाराम फिसकन हसला.

"तू काहून हसतं?" ती त्याच्यावर उखडली. "तुह्या बकरीचं तुले तरी माहीत हाये काय?"

दुसऱ्या दिवशी चैतरामच्या बायकोनं, विमलाबाईनं, वाटीभर गूळ पाठवला. तुळसाबाईनं तो चाखला, जुना आहे म्हणून नावं ठेवली आणि सगळा संपवला.