चष्मा काढून पाहिलेला धूमकेतू

दुर्बीणकाकू दुर्बिणीला कधी डोळा लावत नसत. म्हणून तर गल्लीनं त्यांना ते नाव ठेवलं होतं! नवरा चष्मेवाला. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली आणि रोज दिवेलागणीला दोघांनी गच्ची धरली. तो कॅमेऱ्यानं धूमकेतूची जागा टिपून वेधशाळेला कळवायचा. ठिकठिकाणच्या अशा नोंदींवरून तिथे त्याची कक्षा मांडत. पण तेज सांगायचं ते काकूंनीच.

त्यातली गंमत ऐका. धूमकेतू म्हणजे कापसाचा पुंजका, तारा म्हणजे टाचणीचं टोक. ताडून बघणार कसे? काकूंचा नंबर एवढा दांडगा, की चष्मा काढला की आभाळभर कापूसच कापूस. मग धूमकेतूवर नजर रोखायची, ओळखीचा तारा डोळ्याच्या कोपऱ्यात धरायचा आणि कोण उजळ ते सांगायचं. ज्या डोळ्यांपायी लग्न ठरताना नाकं मुरडली गेली, त्या डोळ्यांच्या आकड्याला वेधशाळेत मान होता. चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "सगळ्या गावाला चष्मा लावला, पण नाव झालं ते बायकोला काढायला लावला म्हणून!"

धूमकेतू सूर्याच्या जवळ निघाला, म्हणजे उजळायला हवा. काकू म्हणाल्या, "उतरला हो."

दुसऱ्या संध्याकाळी, "आणखी उतरला."

वेधशाळेतल्या नोंदणी अधिकाऱ्याचा फोन आला. "काका, बाकी सगळ्यांकडे वाढतोय. तुमच्याच गच्चीवरून कसा घटतोय?"

"बाकीचे रस्त्यावरचे दिवे बघत असतील!" चष्मेवाला उखडला. "हिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

फोन आपटून तो शाबासकीसाठी बायकोकडे वळला, तर तिचं तोंड भिंतीकडे. हल्ली असंच चाललं होतं. बोलायला जावं, तर मान फिरवायची. रुसली असेल कशावरून तरी, म्हणून त्यानं तिच्या आवडीची बिस्किटंसुद्धा आणून पाहिली होती.

"अगं, माझं चुकलं तरी काय? तोंड का फिरवतेस?"

"फिरवलं तरच तुमचं नाक दिसतं," काकू हसल्या. "सरळ बघितलं की तिथे नुसता डाग. वय झालं, दुसरं काय!"

चष्मेवाल्यानं मनाशी ताडून पाहिलं. रोखून बघायचा तो धूमकेतू, कोपऱ्यात धरायचा तो तारा. ताऱ्याला काही झालं नव्हतं. धूमकेतूलाही नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. "पडद्याचा मधला भाग गेलाय. आधी आला असतात तर थोडा वाचवता आला असता." मग सहज विचारलं, "आपण काय करता?"

चष्मेवाल्याला धंदा सांगवेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्याच्याच घरात होता आणि तो बिस्किटं आणत बसला होता.

घरी येऊन त्यानं अधिकाऱ्याला फोन केला आणि आकडे काढून टाकायला सांगितले. काकू ऐकत होत्या.

"म्हणजे तो उजळतोय?"

"हो. चांगलाच."

"मग बरं केलंत. माझ्यापायी बिचाऱ्याची उगाच बदनामी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "परत कधी यायचा?"

"परतीची वाटच नाही गं त्याला. कक्षा उघडी निघाली."

त्या संध्याकाळी काकूंनी चष्मा डोळ्यांवर ठेवूनच खुर्ची टाकायला लावली. धूमकेतू समोर लखलखत होता आणि काकूंचं तोंड पाण्याच्या टाकीकडे. चष्मेवाल्यानं खुर्ची फिरवायला हात घातला.

"राहू द्या. टाकीकडे बघितलं की तो दिसतो. झकास आहे हो! तुम्ही जरा त्याच्या शेजारी उभे राहा बघू."

तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. काकू टाकीकडेच बघत होत्या.

"दिसताय. हसताय की रडताय, तेवढं मात्र कळत नाही."

"हसतोय," तो म्हणाला.