गणपतच्या टॅक्सीचा दीड फर्लांग

घोडपदेवच्या भिवा मिस्त्रीला गाडीच्या बाबतीत कोणी शहाणपण शिकवायला गेलं, की तो हातातला पाना खाली ठेवायचा, समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुन्हा पाना उचलून स्वतःला हवं तेच करायचा. याला कोणी घमेंड म्हणेल. म्हणू दे. लढाई संपल्यावर कॉटन ग्रीनजवळच्या एका शेडमध्ये, बोटीतून उतरलेली खोकी फोडून विलायती गाड्या जोडायचं काम त्यानं सहा वर्षं केलं होतं. माणसं गाडीला दारातून आत शिरताना ओळखतात, भिवा तिला पोटाखालून ओळखायचा.

छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी त्यानं दुसऱ्याची चाकरी सोडली. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड घातली, वर स्वतःच्या नावाची पाटी लावली. पहिले चार महिने लोक पाटी वाचायचे आणि गाडी पुढे न्यायचे. का, ते सगळ्यांना माहीत होतं. तोंडानं कोणी म्हणत नव्हतं, एवढंच. शेडमध्ये पहिली गाडी घातली ती पलीकडच्या चाळीतल्या गणपतनं. गणपत मालवणकडचा, गिरणी सोडून टॅक्सीवर आलेला. "माका काम होया, पाटी नको," म्हणाला आणि चावी टाकून चहाला गेला. गणपतची गाडी धावताना दिसली तशी बाकीची गिऱ्हाइकं आली.

गणपतची टॅक्सी म्हणजे एका साहेबानं स्वतःसाठी विलायतेहून आणलेली आणि घरी परतताना विकून टाकलेली गाडी. भिवा खाली सरपटला आणि तिथूनच हसला. मागच्या चाकांवर धक्के झेलायला एकावर एक रचलेले लोखंडी पाटे असतात, ते त्यानं मोजले. पाच.

"गणपत, ही तिकडची रे. तिकडचे रस्ते सपाट, म्हणून पाच पाटे. आपल्याकडे पाठवायच्या गाड्यांना सात घालायचे. मी स्वतः जोडल्यात."

त्यानं दोन पाटे वाढवून दिले. गाडी तीन बोटं उंच झाली, आणि लालबागला ट्राममार्ग ओलांडताना तिचं पोट आपटायचं ते थांबलं. ही हकीकत भिवानं त्या वर्षी निदान पन्नास जणांना सांगितली असेल.

मग अठ्ठावन्न साली मलबार हिलच्या चढावर टॅक्सीच्या मागून कडाड आवाज झाला. मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, मिस्त्री लोक जिला क्राऊन-पिनियन म्हणतात, तिचे दात उडाले. भिवानं नेहमीचीच रीत केली. मोडका क्राऊन, म्हणजे जोडीतलं मोठं चाक, पिशवीत घातला, ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला, जुना नव्यावर ठेवला. घेर जुळला, भोकं जुळली, झालं. सगळे मिस्त्री असंच करतात. दात मोजत बसायला वेळ कुणाला असतो?

जोडी बसली आणि टॅक्सी चढावर धापा टाकायची थांबली. गणपत खूश, भिवा खूश.

तीन आठवड्यांनी बकुळा, म्हणजे भिवाची बायको, नळावरून घागर घेऊन आली ती बातमी घेऊनच. "गणपतभावजींचं परमिट घेतलं काढून. मीटर पळवतात म्हणे."

भिवा तसाच तेलकट हातांनी पलीकडच्या चाळीत गेला. गणपत खाटेवर बसून होता. फणसवाडीचे शामराव म्हणून एक पेन्शनर होते; उभी हयात म्युनिसिपालिटीच्या नोकरीत रस्ते मोजण्यात गेलेली. त्या दिवशी मोर्च्यामुळे ट्राम अडल्या, म्हणून ते बायकोला घेऊन परळच्या हॉस्पिटलात टॅक्सीनं गेले. चार मैल. मीटरनं दाखवले पावणेपाच. दुसरा कोणी कुरकुरला असता आणि विसरला असता. शामरावांनी अर्ज केला, तोही सुवाच्य अक्षरात.

"इन्स्पेक्टरानं काय विचारलं?"

"गाडीचं काम कुठे केलंस म्हणून."

"मग?"

"खयच नाय, म्हटलं." गणपतनं मान वर केली नाही. "गुरुवारी बोलावलंय. परमिट कायमचा जातला असा दिसता."

भिवा शेडमध्ये परतला, पण हाताला काम लागेना. मीटरचं सील शाबूत होतं, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. मग मीटर पळतो कसा? तो गल्लीत उभ्या असलेल्या टॅक्सीपाशी गेला आणि उकिडवा बसून तिच्या पोटाकडे बघत राहिला. मीटरची तार गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडलेली. मधला शाफ्ट जेवढा फिरेल तेवढंच मीटरला कळतं. चाकं प्रत्यक्षात किती फिरली, हे त्याला कोणी सांगायला जात नाही. आणि शाफ्ट नि चाकं यांच्या मधोमध होती भिवानं बसवलेली नवी जोडी.

तो ताडकन उठला.

भंगाराच्या डब्यातून त्यानं जुनी जोडी उपसली. दात उडाले होते, पण मुळं शिल्लक होती. खडूनं खुणा करत त्यानं मोजलं. क्राऊनला सदतीस, पिनियनला नऊ. मग गल्लीतल्या चार जणांना टॅक्सी ढकलायला लावली आणि स्वतः शाफ्टवर खडूची रेघ मारून बाजूनं वाकत वाकत चालला. चाकाचे आठ फेरे होईपर्यंत शाफ्टचे एकोणचाळीस झाले. जुन्या जोडीनं तेहतीसच्या आसपास झाले असते. म्हणजे दुकानातली जोडी इकडच्या गाडीची होती. खड्डे आणि घाट डोळ्यांपुढे ठेवून जसे सात पाटे घालायचे, तसेच चढावर जोर मिळावा म्हणून मागचे दातही वेगळे घालायचे. सहा वर्षं त्यानं याच गाड्या जोडल्या, फरक पाट्यांतला ओळखला, त्याची फुशारकी मारली, आणि हातभर पलीकडच्या क्राऊनचे दात एकदाही मोजले नाहीत.

लाजेनं त्याला जेवण गेलं नाही. कचेरीत जाऊन सरकारी कागदावर लिहून द्यायचं, की चूक माझी. मग ही पाटी कोण वाचणार? चुकतात सगळेच मिस्त्री, पण भिवाची चूक लोक निराळ्या तोंडानं सांगतील, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बकुळानं त्याचं सगळं ऐकलं. "तुमी गप बसलात तर भावजींचं परमिट जाईल. बोललात तर आपली शेड जाईल. शेड मी परत उभी करू लागते तुमाला. त्यांचं परमिट कोण देणार परत?"

गुरुवारी भिवा धुतलेला सदरा घालून, गोणपाटात जुनी जोडी बांधून कचेरीत हजर झाला. त्याला बघून गणपतचा चेहरा पांढराफटक पडला. "तू कशाक इलंस? जा घरी!" तो दबक्या आवाजात ओरडला. भिवानं लक्ष दिलं नाही.

इन्स्पेक्टर टेबलामागे, शामराव खुर्चीत छत्री टेकून. भिवानं गोणपाट सोडलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "साहेब, मीटरला कोणी हात लावलेला नाही. गाडी तिकडची, जोडी इकडची. मी दात मोजले नाहीत. चूक माझी आहे, लिहून देतो."

इन्स्पेक्टरनं भुवया चढवल्या. पण शामरावांचा चेहरा बदलला. आकडा दिसला की त्यांना राहवत नसे. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी स्वतःच्याच अर्जाच्या पाठीवर भागाकार मांडला. "सदतीसला नऊ... एकोणचाळीसला आठ... अहो साहेब, हा माणूस खरं बोलत असेल तर मैलामागे, म्हणजे आठ फर्लांगांमागे, बरोबर दीड फर्लांग जास्त पडला पाहिजे. ना कमी, ना जास्त. पाव फर्लांगाचा फरक आला तर माझा अर्ज कायम."

चौघं टॅक्सीत बसले. समुद्राकाठच्या सरळ रस्त्यावर शामरावांना ठाऊक असलेल्या दोन खुणा होत्या, बरोबर मैलभर अंतराच्या. गणपत चालवत होता, स्टिअरिंगवर त्याची बोटं घामानं सरकत होती. भिवा मागं बसून फक्त मीटरकडे बघत होता. आयुष्यात एवढा लांब मैल त्यानं पाहिला नव्हता. दुसरी खूण आली. इन्स्पेक्टर पुढे वाकला.

"मैल... आणि दीड फर्लांग," तो म्हणाला.

"बघा!" शामराव असे ओरडले, जणू अर्ज त्यांनी याचसाठी केला होता. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि गणपतला म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्यावर मी आळ घेतला. मनात ठेवू नका."

मीटरच्या आतलं बारीक चाक इकडच्या जोडीप्रमाणे बदलून घ्यायचं, नवं सील करायचं, असा हुकूम झाला. परमिट परत मिळालं. इन्स्पेक्टरनं भिवाचा जबाब घेतला आणि वर स्वतःच्या हातानं शेडचा पत्ता उतरवला. "अशा तिकडच्या आणखी पाचसहा टॅक्सी आहेत शहरात. तुमच्याकडे पाठवतो. दात मोजा," म्हणाला. भिवाला एकदम एवढं हलकं वाटलं, की कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यानं कठडा धरला.

परतताना दोघं पुढे बसले होते.  भायखळ्याला गणपतनं टॅक्सी कडेला घेतली.

"भिवा, रागावू नको. मीटर जास्त दाखवता ह्या माका दुसऱ्याच दिवशी कळला होता."

"आणि बोलला नाहीस?"

"माका वाटला, मीटर तूच फिरवलंस. माझ्यासाठी. माझी ओढाताण बघून." गणपत समोर बघत होता. "म्हणून साहेबाक तुझा नाव सांगूक नाय. परमिट गेला असता तर गेला असता."

भिवाला आधी संताप आला. ज्या नावासाठी तो चार रात्री झोपला नव्हता, ते नाव या माणसानं मनातल्या मनात चोराचं ठरवून टाकलं होतं. तो तोंड उघडणार होता. मग त्याच्या लक्षात आलं, की चोर समजूनही गणपत त्याच्यासाठी पोटापाण्याचं परमिट सोडायला निघाला होता. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"मूर्ख आहेस तू," तो म्हणाला.

"होय," गणपत म्हणाला आणि त्यानं टॅक्सी गिअरमध्ये घातली.