थोरलीच्या दोन घंटा

सकाळपासून वारा असा सुटला होता की चर्चच्या मागच्या खोलीची खिडकी थंडीत दात वाजवल्यासारखी खडखडत होती. धाकटीनं फटीत कागदाची घडी कोंबली आणि घंटांची पेटी उघडली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत हातघंटा वाजत नाहीत. तेवढ्या दिवसांत त्या पुसायच्या, आत आपटणाऱ्या लोळ्यांवरच्या झिजलेल्या चामड्याच्या टिकल्या बदलायच्या, आणि ईस्टरला काय गायचं-वाजवायचं ते ठरवायचं. घरी भाजी कुठली करायची हेसुद्धा या धाकट्या सुनेला कुणी विचारत नसे; इथं मात्र नाताळ असो की उपवास, गाणं तिच्याच मर्जीचं.

हातघंटांचं एक असतं. एकेकाच्या हातात दोन घंटा, म्हणजे दोनच सूर. आपला सूर आला तर हात हलवायचा, नाहीतर मोजत उभं राहायचं. थोरली जाऊ वर्षानुवर्षं मोजतच उभी होती.

कारण सासऱ्यांचं मयत. धाकटीनं तेव्हा नुकतंच हे काम हाती घेतलेलं. तिनं निवडलेलं गाणं सुरू झालं आणि थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगंबाई, म्हाताऱ्याचं लग्न लावतेय की काय ही?" मयताला आलेले लोक तोंडाला रुमाल लावून हसले. धाकटीनं मनात डूख धरला. तेव्हापासून तिच्या गाण्यांत थोरलीचे सूर भातातल्या खड्यासारखे, चुकून एखादा.

दार ढकलून थोरली आत आली, हातमोजे चढवतच.

"पुसू लागते. ईस्टर झाला की मी चालले लेकीकडे, कायमची."

"ऐकलंय, जाऊबाई. बसा."

"मग या खेपेला माझ्या हाताला काम देणारं गाणं काढ ना. नातवंडं येणारेत. आजी घंटा वाजवते, असं सांगून ठेवलंय. नुसतीच उभी दिसले तर विचारतील, आजी, तुला शिक्षा झालीय का?"

धाकटीपुढे दोन गाणी होती. एकात थोरलीचे सूर ओळीओळीला, दुसऱ्यात शेवटी एकदा.

"बघते," ती म्हणाली, आणि दुसरं वर ठेवलं.

थोरली एकेक घंटा उलटी करून पुसत होती. टिकल्या काळ्या, चेपलेल्या. मग तिच्या स्वतःच्या दोन निघाल्या. चामडं दुकानातून आत्ता आणल्यासारखं. तिनं त्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"पाळकांची सासू उभ्या उभ्या पेंगते. तिच्यासुद्धा झिजल्यात की गं."

धाकटी नव्या टिकल्यांची पुडी सोडू लागली.

"मला वाटायचं, माझा हात जड, म्हणून तू सांभाळून घेतेस. लोकांना सांगत फिरले मी, धाकटी माझी लाज राखते म्हणून."

धाकटीनं घाईघाईनं पहिलं गाणं पुढे सरकवलं. "हे घेऊ. यात सगळे तुमचेच सूर आहेत."

"आता?" थोरलीनं मोजे काढून टेबलावर टाकले. "इतकी वर्षं मोजायला लावलंस, वाजवायला कधी शिकवलंस? नातवंडांदेखत चुकले की तू 'हात जडच' म्हणायला मोकळी. मी हसले होते खरी मयताच्या दिवशी. पण तोंडावर हसले."

ती गेली. दार वाऱ्यानं आपटलं, खिडकीतली घडी खाली पडली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं धाकटी मनाशी म्हणाली. घसा मात्र मोकळा होईना. तिनं थोरलीच्या घंटा ओढल्या, धडधाकट टिकल्या, जणू झिजल्याच होत्या तशा, नखानं खरवडून काढल्या, तिथं नव्या चिकटवल्या, आणि पुढची घंटा उचलली.