परवान्यावरचं कुंकू

माझ्या नातवंडांनो,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या गावात फटाके दुकानातून कुणालाही विकावेत, की ते उडवायचं काम शिकलेल्यांनाच द्यावेत, यावर सभा भरणार आहे आणि तुम्हाला शाळेत त्या विषयावर बोलायचं आहे, असं लिहिलंत. "आजी, तुझं मत दोन ओळींत कळव." मत दोन ओळींत मावलं असतं, पण ते माझं का झालं हे मावत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आत, अक्षर ओळीवर राहतंय तोवर लिहून टाकते. हे मी तुमच्या आईलाही कधी धड सांगितलेलं नाही. तिच्याकडून वाचून घ्या, म्हणजे तिलाही कळेल.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे आप्पा, यांचं निपाणीच्या पेठेत किराणा दुकान होतं. मधल्या दारातून पाऊल टाकलं की घर. स्वातंत्र्य यायला अजून दहा-बारा वर्षं होती. पूर्वी आमच्याकडे शोभेची दारू जत्रेत दिसायची, तीही लांबून. ती करणारी माणसं आपल्या बैलगाडीतून यायची, मैदानात दोर बांधायची, ओली पोती आणि वाळूची पाटी जवळ ठेवायची आणि दोराच्या आत कुणालाही येऊ द्यायची नाहीत. एखादा पाटील आत शिरू लागला तर त्यालाही हात धरून बाहेर काढायची. पुढे लाल कागदातले तयार फटाके बाहेरून येऊ लागले आणि किराणा दुकानांत लागले. ज्याला हवे त्यानं गूळ-साबणाबरोबर घ्यावेत. आप्पांनीही दिवाळीपुरता एक कोपरा फटाक्यांना दिला.

आता यातली गंमत ऐका. आम्ही जैन. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून प्यायचं, आणि फटाका म्हणून कधी कुणी पेटवला नाही. मी एकदा विचारलं होतं.

"आप्पा, आपण का उडवत न्हाय?"

"किडामुंगी मरत्यात, बाळ."

"आणि गिऱ्हाईकानं उडवल्यावर?"

"त्याचं त्याच्यासंगं."

म्हणजे अख्ख्या पेठेला फटाके विकणाऱ्या त्या घरात एकानंही आयुष्यात साधी फुलबाजी हातात धरलेली नव्हती. कुठली वस्तू कशी पेटते, किती उडते, ओली झाली तर काय होतं, यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. तूप विकायचं तर आप्पा बोटावर घेऊन वास घ्यायचे. फटाके मात्र डब्यावरचं चित्र दाखवून विकायचे.

मी बेळगावला खासबागेत मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुट्टीला सर्व्हिस मोटारनं घरी यायचे. माझं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं होतं आणि मला त्याची घमेंड होती. त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आप्पांनी कोरा कागद पुढे ठेवला. "परवान्याचा अर्ज लिही बघू. सायबाला वाटलं पायजे, कुणीतरी शिकलेलं घर हाय." मी दोन तास बसून लिहिला. दिवाळीच्या आधी बेळगावच्या कचेरीतून परवाना आला, गोल शिक्का मारलेला, सगळा इंग्रजीत. आप्पांनी पोस्टमनला गूळ-खोबरं दिलं आणि दुसऱ्या दिवशी परवाना चौकटीत बसवून आणला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर मी स्टुलावर चढून तो वाचला. खाली बारीक अक्षरांत अटी होत्या. मी मोठ्यानं मराठीत सांगू लागले. घासलेटाजवळ ठेवू नये. दिवा किंवा उदबत्ती जवळ लावू नये. लहान मुलाच्या हाती देऊ नये.

"काय वाचालीस गं? हळू वाच. गिऱ्हाईक उभं हाय," आप्पा म्हणाले.

"पण आप्पा, घासलेटाचा डबा अगदी शेजारीच आहे."

आप्पांनी डबा पायानं वीतभर सरकवला. "झालं?"

"आणि समोर समई आहे."

"ती देवाची हाय."

मी हटले नाही. सगळ्या अटींचं मराठीत भाषांतर केलं, तांबड्या शाईनं ओळी आखल्या आणि तो कागद खांबावर डकवला. दोन दिवसांनी पाहिलं तर कागद खांबावर नव्हता. एका गिऱ्हाइकाला त्यात लवंगी मिरची बांधून दिली होती. "कागद संपलेला," आप्पा म्हणाले. इंग्रजी परवान्याला मात्र झेंडूची माळ होती. ज्याचं कुणाला अक्षर लागत नव्हतं ते काचेमागे, आणि जे वाचता येत होतं ते मिरचीभोवती. मी आईजवळ जाऊन कुरकुरले. आई म्हणाली, "तू शिकलीस ते लई झालं. आता दुकानाला शिकवू नगंस."

दुकानामागच्या बोळात तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई राहायची. मी तिला आक्का म्हणत असे. नवरा नव्हता, दोन मुली होत्या. दिवसभर वखारीत पानं निवडायची आणि घरी आल्यावर विड्या वळायची. तिच्या बोटांवर ते घर चालायचं. सुट्टीत मी दुकानात दिसले की ती चहापत्तीची पुडी घेत म्हणायची, "इंग्रजी बोल की गं थोडं. कान तरी निवू देत." मी शाळेतली एखादी कविता म्हणायचे. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "काय न्हाय कळलं, पर झकास हाय."

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. फटाक्यांच्या कोपऱ्यावरचं एक कौल गळत होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नरक चतुर्दशीला आक्कानं मुलींसाठी भुईनळे नेले. तुम्ही ते पाहिले नसतील. मातीच्या छोट्या बोळक्यात दारू भरून तोंडावर कागद चिकटवलेला असतो. पेटवलं की ठिणग्यांचं झाड उठतं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आम्ही पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात जाऊन महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून आलो, आप्पांनी दुकान उघडलं, आणि आक्का पदरात भुईनळे घेऊन पायरीशी उभी राहिली.

"अण्णा, हे काय दिलंसा? नुसतं फुसफुस करत्यात. पोरी रडून झोपल्या."

आप्पांनी एक भुईनळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. त्यांना काय कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकातून मान वर केली, भुईनळ्याला बोट लावलं. कागद दमट होता.

"ओलसर झालेत," मी म्हटलं. "वाळवले की पेटतील."

एवढंच. शाळेत शिकल्यासारखं, ठाम. कुठे वाळवायचे, कसे, किती वेळ, हे मी बोलले नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. माहीत नाही, हेही मी बोलले नाही. आप्पांचा चेहरा उजळला. "ऐकलंस न्हवं? आमची पोर इंग्रजी शिकलीया. वाळवून घे जा."

"ती म्हणतीया म्हंजे खरंच आसंल," आक्का म्हणाली आणि गेली.

बाहेर आभाळ भरलेलं होतं. ऊन नव्हतं. अशा दिवसांत आमच्याकडे बाया ओलं काहीही वाळवायचं असलं की चुलीला जोडून असलेल्या वैलावर ठेवतात. पापड ठेवतात, काडेपेटी ठेवतात, धुतलेलं फडकं ठेवतात. आक्कानं भाकरी करता करता भुईनळे वैलावर मांडले.

आवाज आम्हाला ऐकू आला होता. पण दिवाळीच्या दिवसात आवाज झाला म्हणून कोण उठतं? थोड्या वेळानं तिची थोरली पोर धावत आली. "आईचा हात भाजलाय. तुमच्यात शाई हाय न्हवं? शाई द्या!"

भाजल्यावर शाई ओतायची, ही आमच्याकडची रीत. बोळात शाईची दौत असलेलं घर आमचंच. मी माझी दौत घेऊन पळाले. तव्यावरच्या भाकरीकडे गेलेला तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. बायकांनी माझ्या हातातून दौत घेतली आणि सगळी शाई त्या हातावर रिकामी केली. मी तो हात खालून धरला होता, माझी बोटंही शाईनं माखली. ज्या शाईनं मी अर्ज लिहिला होता, ती तीच. आक्का ओरडत नव्हती. मला पाहून दातांवर दात ठेवून म्हणाली, "वाळलं गं. चांगलं वाळलं." मग टांग्यातून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला कंपाउंडर शाई पुसता पुसता आम्हा सगळ्यांवर खेकसला.

आणि त्याच संध्याकाळी दुकानात लक्ष्मीपूजन झालं. मला वाटलं होतं, आज तरी कोपरा झाकतील. उलट विक्री जोरात होती. आप्पांनी परवाना खाली उतरवून पाटावर ठेवला आणि मला म्हणाले, "लाव कुंकू." मी म्हटलं, "आप्पा, आक्काचा हात..." ते म्हणाले, "साकु." पुरे झालं म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून कन्नड यायचं. पण त्यांचा आवाज बसलेला होता, हेही मी लिहायला हवं. दवाखान्याच्या टांग्यात ते स्वतः बसून गेले होते. मी कुंकू लावलं. शिक्का झाकू नये म्हणून काचेवर नको, चौकटीच्या लाकडावर लाव, असं ते म्हणाले.

पुढच्या गणपतीत कोरा कागद पुन्हा समोर आला.

"मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"आपण न्हाय विकलं तर पलीकडचा विकंल."

"विकू दे. त्याला तरी पेटवता येतं का?"

"मग कुणाला विकायचं म्हंतीस?"

"जत्रेतल्या माणसांना. त्यांना दोर बांधता येतो. बाकीच्यांनी दोराबाहेरून बघावं."

"म्हंजे गावानं नुसतं बघत बसायचं. पोरांच्या हातात काय देशील? पाटी?" शेजारी बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

माझं म्हणणं सगळ्यांवर सरसकट बंदी आणावी असं नव्हतं. माझ्या वर्गात रानातल्या गुंजी गावाकडची एक मुलगी होती. तिच्याकडे भातात रानडुकरं शिरायची आणि तिचे वडील बार लावून ती हाकलायचे. पण ते त्यांच्या वडिलांच्या शेजारी दोन पावसाळे बसून शिकले होते. विकणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि मधे एक शिक्का, याला माझा विरोध होता. तो मला तेव्हा इतक्या स्वच्छ शब्दांत सांगता आला नाही. मी फक्त रडले, आणि रडणाऱ्या मुलीचं कोण ऐकतं?

आप्पांनी बेळगावच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका लेखनिकाकडून अर्ज लिहून आणला. अक्षर गचाळ होतं, स्पेलिंगं चुकलेली होती. परवाना आला. माझ्या अक्षरावाचून काही अडलं नाही.

आणि त्या दिवाळीत पायरीवर कोण उभं? आक्का. उजव्या हाताची तीन बोटं वळायची बंद झाली होती. विड्या सुटल्या होत्या. आता वखारीत झाडलोट करायची, डाव्या हातानं. विड्या थोरली पोर वळायला लागली होती आणि तिची शाळा सुटली होती.

"दोन भुईनळे दे," ती मला म्हणाली. "वाळलेले दे हं, इंग्रजीवाली."

"आक्का, तू कशाला घेतेस आता?"

"का? माझा हात गेला म्हणून पोरींची दिवाळी जावी व्हय? आणि तू काय खोटं न्हवतीस बोलली. वाळल्यावर लई झकास पेटलं."

ती हसली, आप्पाही हसले. मी आत निघून गेले. त्या क्षणी मला त्या दोघांचाही संताप आला होता, आणि माझा सगळ्यात जास्त. मी परवान्यावरच्या अटी वाचल्या तेव्हा कुणी ऐकल्या नाहीत. न वाचता एक वाक्य बोलले, ते मात्र खरं मानलं गेलं.

म्हणून सभेत कुणी म्हणालं, की पाकिटावर सूचना छापल्या की पुरे, तर उठून माझं नाव न घेता हे सांगा. सूचना मीही लिहिल्या होत्या, ओळी आखून. त्यात मिरच्या बांधल्या गेल्या. शोभेची दारू किराण्यात असू नये. ती पेटवायला जो शिकला आहे त्यानं ती दोराच्या आत पेटवावी आणि बाकीच्यांनी बाहेरून पाहावी. हे माझं मत. इतक्या वर्षांत मला ते बदलावंसं वाटलेलं नाही, आणि इतक्या वर्षांत ते कुणी मानलेलंही नाही.

आप्पा गेले, आक्का गेली. दुकान भाड्यानं दिलं आहे. दिवाळीत भाडेकरू त्याच कोपऱ्यात फटाके लावतो, आणि मी बोलले की "व्हय आजी" म्हणतो. तो चौकटीतला परवाना माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडला आहे, शिक्का अजून वाचता येतो. वरच्या लाकडावर कुंकवाचा डाग आहे, आणि त्याच्या शेजारी माझ्या बोटाचा शाईचा ठसा.