मधल्या नंबरवरचा खेळ

माझे वडील परतूरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते आणि मी आमच्या गल्लीत टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमची ग्रेडर होते. त्यांना त्याचा पगार मिळायचा, मला नुसते शत्रू मिळायचे. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, मी आठवीत होते तेव्हाची. शहरांतल्या इंग्रजी मासिकांत म्हणे तेव्हा अशा खेळांची परीक्षणं छापून यायची, प्रत्येक खेळाला दहापैकी गुण द्यायचे. ती मासिकं आम्हाला कुठली दिसायला. आमच्याकडं परीक्षण म्हणजे मी, आणि निकाल तोंडी.

मत द्यायची मला मुळातच भारी हौस. लग्नाच्या पंगतीतून उठायच्या आत मी वरणाला नावं ठेवून मोकळी व्हायचे. नव्या बाईंच्या अक्षरावर, शेजारणीच्या रांगोळीवर, कशावरही मला काहीतरी म्हणायचं असायचं. हिच्या जिभेला हाड नाही, असं आई दिवसातून एकदा तरी म्हणायची. वडील काही बोलायचे नाहीत, कारण दिवसभर तेही हेच करून आलेले असायचे.

त्या दिवाळीला औरंगाबादच्या मामानं टीव्हीला जोडायचा गेम आणला. दोन रिमोट, प्लास्टिकची एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटीवर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. गल्लीतली झाडून सगळी पोरं आमच्या बैठकीत येऊन बसली. पहिल्या पानावर रणगाडे होते, उडणारी बदकं होती, भिंतीवरून उड्या मारणारा एक गडी होता. मजा आली. पण दुसऱ्या पानावर पुन्हा तेच रणगाडे निघाले, फक्त हिरव्याचे लाल झालेले. तिसऱ्या पानावर तोच गडी रात्रीच्या अंधारात उड्या मारत होता. नऊ हजारांचे खरे खेळ दहा-बारा निघाले. मला इतका संताप आला की मी जेवताना सगळ्यांना ऐकवत बसले.

वडील हसले. म्हणाले, आमच्याकडं रोज येतात अशा गाड्या. काही लोक गाडीत वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस पसरतात आणि खाली कवडी भरतात. कवडी म्हणजे किडीनं खाल्लेल्या बोंडातला डागाळलेला कापूस. म्हणून वडील गाडीच्या मध्यात खांद्यापर्यंत हात घालायचे आणि तिथली मूठ बाहेर काढायचे. वरच्या मुठीवर त्यांनी कधी ग्रेड दिली नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. कुठलीही नवी कॅसेट आली की पहिला खेळ लावायचाच नाही. रिमोटचं बटण दाबत थेट मधल्या पानावर जायचं आणि तिथला खेळ लावायचा. तो वेगळा निघाला तर कॅसेट पास. जुनाच निघाला तर कवडी. शब्दही मी वडिलांचेच उचलले. जो खेळ रोज खेळूनही कंटाळा येत नाही तो लांब धाग्याचा. बदकांचा खेळ ओला, म्हणजे वजन दिसतं पण वाळल्यावर हातात काही राहत नाही. चुलतभावाकडं विटा रचायचा हातातला गेम होता, त्याला मी सगळ्यांत वरची ग्रेड दिली होती. त्यात वर एक आणि आत एक असं काही नव्हतंच. जे होतं ते पहिल्या मिनिटात दिसायचं, आणि तरी परतूर ते जालना जाईपर्यंत डोकं वर काढावंसं वाटायचं नाही.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर कॅसेटवाल्या काकांचं दुकान होतं. आधी ते पिक्चरच्या कॅसेटी आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचे. गावात केबल आली आणि तो धंदा बसला. मग त्यांनी गेमच्या कॅसेटी आणायला सुरुवात केली. काकूंनी आईला सांगितलं होतं, की हेही चाललं नाही तर जालन्याला धाकट्या दिराच्या बियाण्याच्या दुकानात जावं लागेल, मालक म्हणून नाही, गोदामात पोती मोजायला. काकांना ते मरणाहून वाईट वाटत होतं. दिराचा स्वभाव काकूंनी दोनच शब्दांत सांगितला होता, ते मी इथं लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात काकांनी औरंगाबादहून एक मोठी कॅसेट आणली. वर आग ओकणारा राक्षस, सोनेरी अक्षरं, आणि भाडं नेहमीच्या दुप्पट. पोरांनी पैसे जमवले आणि पहिल्या दिवशी ती माझ्याकडं आणली. मी मधल्या पानावर गेले. आमचेच रणगाडे, या खेपेला निळे. मी जाहीर करून टाकलं, कवडी. संध्याकाळपर्यंत निकाल अख्ख्या गल्लीत पोचला आणि तिथून शाळेत. राक्षसाच्या कॅसेटीला पुन्हा कोणी हात लावला नाही. बाकीच्या कॅसेटीही त्याच दुकानातल्या, म्हणून पोरं तिकडं फिरकेनाशी झाली. मला काय वाटलं विचाराल तर मला फार भारी वाटलं. माझ्या शब्दाला एवढं वजन आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आठवडाभरानं काकू आमच्याकडं येऊन रडल्या. पोरं का येईनात ते काकांना कळतच नव्हतं. उन्हाळा आहे, पोरं मामाच्या गावाला गेली असतील, असं ते स्वतःची समजूत घालत होते. काकू गेल्यावर आईनं माझ्याकडं बोट केलं आणि सगळं वडिलांना सांगितलं. मला वाटलं, आता वडील निकाल बदलायला लावणार. मी भांडायच्या तयारीनंच बसले होते. मधलं पान आणि निळे रणगाडे, सगळं मी घडाघडा सांगितलं.

वडिलांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ग्रेड बराबर हाय तुझी. ती बदलू नको. पन ज्याचा माल त्याला सांगितलं का?"

मी म्हटलं, त्यांना कशाला सांगायचं?

"ग्रेड देताना मी मानसाच्या तोंडाकडं बघत न्हाई, मालच बघतो. पन दिल्यावर त्याच्या तोंडाकडं बघूनच सांगतो. मंग तो रागावू दे, काही बी म्हणू दे, मी तिथंच उभा ऱ्हातो. गाडीवाल्याला सोडून गावभर सांगत फिरलो तर मी कशाचा ग्रेडर?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. वरणाला नावं ठेवणं सोपं असतं, स्वयंपाकी तिथं नसतो. काका गल्ल्यामागं बसून कॅसेटींवरची धूळ पुसत होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच पळून जावंसं वाटलं. गिऱ्हाईक आलं, असं वाटलं असणार त्यांना.

मी सांगितलं, "काका, तुमची राक्षसाची कॅसेट कवडी हाय. मीच सगळ्यांना सांगितलं."

काकांनी ती कॅसेट काढली, दुकानातल्या छोट्या टीव्हीला लावली आणि रिमोट माझ्या हातात दिला. दाखव म्हणाले. तेव्हा मला कळलं की या माणसानं आजवर एकही खेळ स्वतः खेळून पाहिलेला नव्हता. खोक्यावरचं चित्र बघून ते माल उचलत होते. मी पहिलं पान दाखवलं, मग मधलं, मग शेवटचं. निळे, पिवळे, जांभळे रणगाडे एकामागून एक गेले. दाखवून झाल्यावर मी वडिलांनी सांगितल्याप्रमाणं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. पंख्याकडं पाहणं जास्त सोपं गेलं असतं.

"पिच्चरचा धंदा बसला तवा कोणीच काही बोललं न्हाई," काका म्हणाले. "येणारे येईनासे झाले, बस. मी रोज दुकान उघडून वाट बघत बसायचो. का येईनात हे सांगायला तू पहिली आली."

मला रडू फुटलं. त्यांनी मला फुटाणे दिले आणि मधलं पान कसं काढायचं ते पुन्हा दाखवायला लावलं. मी दाखवलं, मग त्यांनी स्वतः काढून पाहिलं. त्यांचा अंगठा बटणावर नीट बसत नव्हता, दोनदा पान पुढं निसटलं, पण जमेपर्यंत त्यांनी रिमोट सोडला नाही.

त्याच आठवड्यात ते राक्षसाला पिशवीत घालून औरंगाबादला गेले. ठोक दुकानदार म्हणाला, फोडलेला माल परत घेत नसतो. काकांनी कॅसेट त्याच्याच टीव्हीला लावून त्याला मधलं पान दाखवलं आणि कुठंही न जाता समोर उभे राहिले. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. शेवटी तो बदलून द्यायला तयार झाला. त्याच्याकडच्या चार कॅसेटी काकांनी मधलं पान काढून नापास केल्या आणि पाचवी पास झाली ती घेतली.

ते परत आले त्या संध्याकाळी वडील मला आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना घेऊन दुकानात गेले. पोरं जरा ओशाळलेली होती. काकांनी नवी कॅसेट लावली. पहिला खेळ लावा, असं कोणीतरी म्हणालं. काकांनी ऐकलं नाही. चष्मा सावरत, बटण दाबत ते पान पान खाली गेले, मध्यात थांबले आणि तिथला खेळ सुरू केला. बर्फावरून घसरत जाणारं एक अस्वल निघालं. असलं काही आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला. ते टीव्हीकडं पाहतच नव्हते. टीव्हीकडं पाठ करून ते पोरांसमोर उभे होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

"आता तुमी सांगा," ते म्हणाले. "जे काही असंल ते मलाच सांगा."

मग सगळ्यांत लहान पोरगं म्हणालं, अस्वल लई जल्दी पडतंय. दुसरं म्हणालं, पडू दे, पन गाणं भारी हाय. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि काका प्रत्येकाचं ऐकून घेत तिथंच उभे राहिले. माझं मत त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. काकांना जालन्याला जावं लागलं नाही.