दंडावरची काळी फीत

कॉलेजचं वाचनालय बंद झालं म्हणून माझ्या मुलीने निषेधाची काळी फीत दंडावर बांधली. कॉलेजने तिला परीक्षेलाच मनाई केली. आम्ही ग्वाल्हेरच्या हायकोर्टात गेलो. कागद, पाणी, पराठे सगळं मी आठवणीने घेतलं होतं.

दाराबाहेर मी तिची फीत सोडू लागले. "जजसाहेबांना राग येईल."

बाकावर संत्रं सोलत बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, ज्या फितीसाठी भांडताय, तीच बाहेर ठेवणार?" रुमालाला हात पुसून त्यांनी गाठ पुन्हा पक्की केली.

आत कॉलेजचे वकील म्हणाले, हा कोर्टाच्या अधिकारातला विषयच नाही. जजसाहेबांनी ते मानलं नाही. परीक्षेला बसू द्या म्हणाले.

बाहेर गृहस्थ अजून स्वतःच्या केसची वाट बघत होते. त्यांनी आम्हाला अर्धं संत्रं दिलं. "बेटा, आता पाहिजे तर काढ."

तिने काढली नाही. मीही गाठीला हात लावला नाही; संत्रं खाल्लं.